दूध आणायला गेलेली ताई

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायला नऊ दिवस उरले होते, तेव्हा ताईच्या उजव्या दाढेत पहिली कळ आली. तिने ती अंगावर काढली. ती दातांच्याच धंद्यात होती, आणि लोकांच्या दातांपुढे स्वतःच्या दातांकडे बघायला तिला कित्येक वर्षांत सवड झाली नव्हती.

ताई कवळ्या बनवायची. दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिची खोली होती. तिथे एक लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, प्लास्टरची पोती, पॉलिशचं मशीन आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे, पांढऱ्या प्लास्टरचे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेला नंबर. पुढे मॅडम, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या आणि मागे ताई त्या मापावर एकेक दात बसवायची. अठ्ठावीस वर्षं ती हेच करत होती. तिने केलेली कवळी सहसा परत येत नसे.

सुट्ट्यांच्या आधीचे दिवस मात्र नको नको व्हायचे. वर्षभर बोळक्या तोंडाने निवांत काढलेल्या माणसांना अचानक दात आठवायचे. मुलं येणार, नातवंडं येणार, फोटो निघणार. त्या आठवड्यात टेबलावर अकरा कवळ्या होत्या आणि सगळ्यांनाच त्या सुट्टीच्या आत हव्या होत्या. एक निवृत्त बसड्रायव्हर तर रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर बसलेला असायचा. त्याची मुलगी सहा वर्षांनी घरी येणार होती.

"झालं का हो ताई?" तो विचारायचा.

"काका, दात आहेत, वडे नाहीत घाण्यातून काढायला," असं ताईच्या अगदी ओठांवर यायचं, पण ती म्हणायची, "परवा या."

हे झालं दवाखान्यातलं. घरी वेगळीच गत होती. ताईचे वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती; पाठच्या भावाला आणि बहिणीला तिनेच मोठं केलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि कोणी विषय काढला की ती म्हणायची, "माझी दोन वाढवून झालीत." भावाला घरात ढब्बू म्हणत. तो आता काटकुळा, टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. धाकटी ती बारकी. ढब्बू, त्याची बायको आणि दोन मुलं, बारकी, तिचा नवरा आणि मुलगी, अशी सात माणसं दर वर्षी वर्षअखेरीला चार दिवस ताईकडे येत. ताई, तिचा नवरा आणि आई धरून दहा. घर तीन खोल्यांचं.

ताईच्या एप्रनच्या खिशात एक यादी असायची. गाद्या उन्हात टाकणे. पडदे. बाथरूमचा नळ. आईचं औषध. बटाटे, अंडी, लोणी. ढब्बूच्या धाकट्याला दूध चालत नाही. बारकीच्या नवऱ्याला उंच उशी. यादीतलं एक खोडलं की खाली दोन वाढत. एका हाताने मेणात दात खोचताना दुसरा हात खिशातली यादी चाचपायचा. पहाटे चारला जाग यायची ती डोक्यात पडदे घेऊनच. नवरा म्हणायचा, "अगं, माणसं येतायत, तपासणीला साहेब नाही." नवरा पाणीपुरवठा खात्यात होता, स्वभावाने थंड. त्याचा तो थंडपणा तिला एरवी आवडायचा. त्या दिवसांत तो बघितला की तिच्या डोक्यात तिडीक उठायची.

सुट्टीला चार दिवस राहिले असताना ती दुकानात गेली. सामानाची ढकलगाडी शिगोशीग भरलेली, पुढे नऊ जणांची रांग, वर कुठेतरी भोंग्यातून तेच ते गाणं. उशीचं कापड घ्यायचं राहिलं हे तिला आठवलं. रांग सोडावी की नाही ते ठरेना. आणि एकदम तिच्या छातीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड झाला, जबडा आवळला, कानात घूं घूं. तिने ढकलगाडीची दांडी घट्ट धरली आणि समोरच्या बाईला म्हणाली, "जरा बघता का हे, मी आलेच." मग बाहेर येऊन पायरीवर बसली. तिला वाटलं, आटोपलं आपलं. आणि त्याही क्षणी तिच्या डोक्यात आलं ते हेच, की गाद्या अजून गच्चीतच आहेत.

दुकानाच्या रखवालदाराने तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे पोचवलं. डॉक्टरने छातीला वायरी लावून कागदाची लांब पट्टी काढली, ती दोनदा बघितली आणि म्हणाला, "हृदय ठणठणीत आहे."

"मग हे काय होतं?"

"तुमचा जबडा जरा सैल सोडा बघू."

ताईने सोडला.

"सोडा म्हटलं."

"सोडलाय की."

डॉक्टरने दोन बोटांनी तिच्या कानाखाली दाबलं आणि ती कळवळली. तिथे गोटीएवढी गाठ झाली होती. "हा दगड झालाय," तो म्हणाला. "झोपेत दात खाता तुम्ही. आणि बहुतेक जागेपणीही. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण थांबा जरा. झोप घ्या, वेळेवर खा, कामं वाटून द्या."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला पेशंटच्या खुर्चीत बसवलं. अठ्ठावीस वर्षांत ताई त्या खुर्चीत पहिल्यांदा बसत होती. दाढेला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. मॅडमनी तात्पुरतं काहीतरी भरलं आणि म्हणाल्या, "ताई, आपण लोकांना दात देतो आणि तुम्ही स्वतःचे चावून टाकताय. सुट्टीत तरी सुट्टी घ्या." ताई हसली, मागे जाऊन रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी तिने स्वतःसाठी केली, आणि मग उरलेल्या चार कवळ्या पुऱ्या केल्या. ड्रायव्हरकाका आपली घेऊन गेले. ढकलगाडीतलं सामान नवऱ्याने जाऊन आणलं, त्यात लोणी विसरला. घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. "पित्त झालं होतं," एवढंच.

सगळे आले. पहिला दिवस मजेत गेला असंच सगळे म्हणाले. मुलांनी दिवाणावर उड्या मारल्या, ढब्बूने आईला नवा मोबाइल शिकवायला घेतला आणि दोघंही चिडली, बारकीचा नवरा उंच उशी घेऊन दुपारभर घोरला. ताई पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. भावजय चिरायला बसली की ताई म्हणायची, "राहू दे, तू बस." बारकी कपबशा उचलायला आली की, "राहू दे गं, फुटतील." जेवताना ती शेवटी बसली आणि बसली तीसुद्धा खुर्चीच्या काठावर, कोणाला काही हवं तर पटकन उठता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दूध संपलं.

"मी आणते," ताई म्हणाली.

"मी जातो," ढब्बू म्हणाला.

"तुला दुकान सापडायचं नाही," असं म्हणून ती पिशवी घेऊन स्कूटरवरून निघालीसुद्धा. दुकान चार मिनिटांवर होतं. ती दुकानासमोर आली, स्कूटरचा वेग कमी केला, आत दोन जण उभे दिसले, आणि ती थांबली नाही. का नाही थांबली ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. हात वळले एवढंच. पुढचा चौक आला, मग शाळेची भिंत, मग दवाखान्याचं फाटक. किल्ली तिच्याकडे होतीच. तिने मागची खोली उघडली, आत जाऊन स्टुलावर बसली आणि मोबाइल बंद केला.

खोली गार होती. मशीन बंद, दिवा बंद. फळीवर नुसते जबडे. कोणी काही मागत नव्हतं. आता बरं वाटेल असं तिला वाटलं, पण बरं काही वाटेना. डोक्यातला भुंगा चालूच होता. दूध. पोरं उपाशी असतील. आईच्या गोळीची वेळ झाली. जावं का? आत्ता गेलं तर उशीर का झाला म्हणून विचारतील. नाही गेलं तर आणखी उशीर होईल. ती उठली, बसली, पुन्हा उठली. खिडकीची काच पुसली. शेवटी हाताला चाळा म्हणून तिने वाडग्यात प्लास्टर घेतलं, पाणी घातलं आणि कालवायला लागली. कशासाठी, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. प्लास्टर घट्ट झालं. तिने ते खरवडून टाकलं आणि पुन्हा नवं कालवलं.

साधारण तासाभराने दारावर टकटक झाली. ड्रायव्हरकाका होते. बाहेर स्कूटर दिसली म्हणून आत आले म्हणाले. गाल आत गेलेले. कवळी खिशातून काढून त्यांनी रुमालासकट टेबलावर ठेवली.

"टोचतंय हो. कालपासून घास गिळवत नाही."

"मग काल काढून नाही ठेवली?"

"मुलगी समोर बसलेली. काढून कशी ठेवणार? सकाळपासून रात्रीपर्यंत घालून बसलो. हसायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी."

ताईने त्यांना बसवून तोंड उघडायला सांगितलं. खालच्या हिरडीला लालभडक फोड आला होता. कवळीची ती कड तिने जराशी घासली, बोट फिरवून बघितली, पुन्हा घासली. हाताला काम मिळालं तसा तिचा श्वास जरा खाली उतरला. "दोन दिवस घालायची नाही ही," ती म्हणाली. "हिरडीला मोकळं सोडा. नुसतं सूप प्या."

"पण मुलगी काय म्हणेल? बाप असा..."

"काय म्हणेल? विचारलंत का तिला?"

काकांनी रुमालाची घडी घातली. मग ओशाळून म्हणाले, "ती म्हणाली, बाबा, तुम्ही सारखे उठून आरशात का जाता. म्हटलं, काही नाही." त्यांनी कवळी खिशात टाकली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तुम्ही सुट्टीच्या दिवशीसुद्धा इथे?"

"थोडं काम होतं," ताई म्हणाली.

ते गेले आणि अर्ध्या तासाने बारकी आली. ती धापा टाकत होती; चालत आली होती, घरच्याच चपला पायात. दारात उभी राहून तिने आधी ताईला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"बरी आहेस ना?"

"मला काय झालंय."

"अडीच तास झाले ताई. ढब्बू हॉस्पिटलं पालथी घालतोय. भाऊजी दुधाच्या दुकानात तीनदा जाऊन आले. आई फक्त म्हणाली, ती तिच्या खोलीत असेल. कोणाला कळेचना कुठली खोली."

ताईने घाईघाईने पिशवी ओढली. ती उठली. "चल, चल, दूध घेऊ वाटेत. पोरं..."

"पोरं पाव खाऊन खेळतायत. बस तू."

"अगं, पण आईची गोळी..."

"दिली. बस."

ताई बसली नाही. तिने वाडगा धुवायला घेतला. बारकी तिच्या पाठीकडे बघत होती.

"दुकानात चक्कर आली होती ना तुला? भाऊजींना रखवालदाराने सांगितलं. पित्त नव्हतं ते."

"त्यांना काय कळतंय."

"ताई, आम्ही यायचं नसेल तर सांग ना सरळ."

हे ऐकलं आणि ताईचा तोल गेला. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला. "वा. आता हेही माझ्याच माथी. तुम्ही यायचं, चार दिवस पाय पसरायचे, घोरायचं, आणि वर विचारायचं, आम्ही येऊ नको का. मी पंधरा दिवस मरमर मरते ते कोणासाठी? एकाने तरी म्हटलं, ताई, मी करतो?"

"म्हटलं," बारकी म्हणाली.

"कधी?"

"काल म्हटलं. परवा फोनवर म्हटलं. मागच्या वर्षी मी सगळी भांडी घासली, आठवतंय? मी हात पुसेपर्यंत तू ती पुन्हा नळाखाली घेतलीस. माझ्यासमोर. एकेक."

ताईच्या हातातला वाडगा तसाच राहिला. तिला आठवत होतं. ग्लासांना ओशटपणा राहिला होता. म्हणून घेतले होते.

"ग्लासांना..." ती म्हणाली.

"असेल राहिलं. राहिलं तर राहिलं. वहिनी त्या दिवशी मला म्हणाली, तुमच्या ताईंकडे मी परीक्षेला बसल्यासारखी बसते. खरं सांगू? मलाही तसंच होतं. तुझ्या घरी हात कुठे ठेवू ते कळत नाही. आणि काही करायला गेलं की तू म्हणतेस, राहू दे. मग आम्ही राहू देतो, आणि तू आतल्या आत जळतेस. दर वर्षी."

नळाचं पाणी वाहत होतं. बारकीने पुढे होऊन तो बंद केला. ताईला राग आला होता, रडू आलं होतं, आणि दाढ ठणकत होती, हे तिन्ही एकदम. तिला खूप काही बोलायचं होतं. सतरा वर्षांची असताना तिने एकदा भात करपवला होता आणि ही दोघं तो मुकाट्याने खाऊन झोपली होती, ते बोलायचं होतं. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं होतं, की या पोरांना पुन्हा कधी करपलेलं खावं लागणार नाही. पण ते तिला बोलता येईना. ती एवढंच म्हणाली, "माझी दाढ तडकलीय."

"काय?"

"दाताने. माझ्याच. झोपेत."

बारकीने स्टूल ओढलं आणि तिला खांद्याला धरून बसवलं. "दाखव," ती म्हणाली, आणि ताईने खरंच आ केला. बारकीला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी तिने मोबाइलचा उजेड पाडून नीट बघितलं. मग म्हणाली, "आता सांग, काय करायचं?"

"मला झोपायचंय," ताई म्हणाली. आपल्या तोंडून हे निघालं याचं तिलाच नवल वाटलं.

घरी पोचल्यावर कोणी फार विचारलं नाही. बारकीने फोनवर आधीच दम भरून ठेवला असावा. ढब्बूचे डोळे लाल दिसत होते. तो म्हणाला, "दुकान मला सापडलं ताई," आणि दुधाच्या चार पिशव्या दाखवल्या. दोन पुरल्या असत्या. ताईने ते बोलून दाखवलं नाही. नवऱ्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आतल्या खोलीचं दार उघडून धरलं. "जा," तो म्हणाला. "मी दाराबाहेर बसतो. कोणी आत येणार नाही. तू बाहेर येणार नाहीस."

ती आडवी झाली, पण झोप कुठली. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येत होतं. सुरी बोर्डावर फार जोरात आपटत होती. कोणीतरी गॅस मोठा ठेवला होता. काहीतरी सांडलं, भावजय हसली, ढब्बू म्हणाला फडकं कुठलं घेऊ, आणि ताईच्या तोंडात उत्तर तयार होतं, खालच्या खणातलं, निळं. ती उठून बसली. पाय जमिनीला टेकले. दाराखालून नवऱ्याच्या खुर्चीचे पाय दिसत होते. ती पुन्हा आडवी झाली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा पाय जमिनीपर्यंत गेलेच नाहीत, आणि मग कधीतरी तिचा डोळा लागला.

उठली तेव्हा चार वाजून गेले होते. टेबलावर तिचं ताट झाकून ठेवलेलं. भात गचका झाला होता आणि सूपमध्ये मीठ नव्हतं. भावजय समोर येऊन उभी राहिली. ओले हात फडक्याला पुसत होती, चेहरा ताईने मागे कधी पाहिला होता तसाच, परीक्षेतल्या मुलीचा. ताईला तो आज पहिल्यांदा नीट दिसला.

"मीठ वरून घ्या ताई," ती म्हणाली. "विसरले मी."

"दे इकडे," ताई म्हणाली. तिने मीठ घातलं, सगळं संपवलं आणि ताट घासायला नेलं नाही. ते टेबलावर राहिलं. पाच मिनिटं तिची नजर त्या ताटावरून हलेना. मग आईने ते उचललं.

राहिलेले दोन दिवस काही फार गोड गेले नाहीत. ताईने दोनदा "राहू दे" म्हटलं आणि दोन्ही वेळा बारकीने नुसतं तिच्याकडे बघितलं. एकदा ढब्बूशी उशांवरून वाजलंच. पण ती रोज दुपारी दार लावून पडली, आणि संध्याकाळी एकटी पाऊण तास चालून आली, कोणाला दूध हवं का न विचारता. आपण दात आवळतोय हे तिला मधूनच कळायचं, म्हणजे तोवर ते आवळलेले असायचेच. मग ती जीभ दातांच्या मध्ये धरायची, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. निघताना ढब्बू म्हणाला, "पुढच्या वर्षी माझ्याकडे."

"बघू," ताई म्हणाली.

"बघू नाही," बारकी गाडीतून म्हणाली.

पुढच्या वर्षी सगळे ढब्बूकडे जमले. पहिल्याच सकाळी सहाला ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बाह्या वर सरकवून. भावजयीने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, बाहेर ऊन चांगलं आहे. बसा." ताई बाहेर गेली, बाल्कनीतल्या खुर्चीत बसली. आत कपाटं उघडत होती, बंद होत होती. चमचे चुकीच्या खणात पडल्यासारखे वाजत होते. तिचा एक पाय सारखा हलत होता. तिने घड्याळात बघितलं, सहा मिनिटं झाली होती. चहा थोडा पाणचट होता. तिने तो सावकाश प्यायला, कप खाली ठेवला आणि आणखी थोडा वेळ बसायचं ठरवलं.